बारातल्या दोन

बारा डिशमधल्या दहा ताईने लाल पिशवीत टाकल्या आणि पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली.

पाहुणी बघत राहिली. दुसऱ्या विद्यापीठातून तीन आठवडे काम शिकायला आली, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला पाहुणीच म्हणत. ताई इथली सगळ्यात जुनी संशोधक. बोलायला गोड आणि हाताची चपळ.

औषध टाकलं की रोगट पेशी मरतात आणि डिशमधला जांभळा रंग उतरतो, असा हा प्रयोग. त्यावरचे या प्रयोगशाळेचे लेख पाहुणीला तोंडपाठ होते. तिच्याकडे मात्र दोन वर्षं रंग उतरायला तयार नव्हता. बाराला एखादी डिश कधीतरी पांढरी व्हायची, तीही चुकून झाली असं समजून पाहुणी सोडून द्यायची. औषध इथून आणलेलं, पेशी इथल्याच, कृतीही इथलीच. मग उरला कोण, तर तिचा हात. एकदा तिने उबवण्याच्या कपाटाला दोष दिला तेव्हा सोबतचे हसले होते, नाचता येईना अंगण वाकडं म्हणून. प्रबंधाला वर्ष उरलं, तेव्हा तिच्या मार्गदर्शक बाईंनीच तिला इकडे पाठवलं. “मीही तिथेच शिकले,” त्या म्हणाल्या होत्या. “हे वाचून येणारं काम नाही.”

आज तिसऱ्याच दिवशी पाहुणीच्या हातून दोन डिश पांढऱ्या झाल्या होत्या. बाकीच्या दहा नेहमीसारख्या जांभळ्या.

“ताई, त्या दहांची नोंद राहिली.”

“वही शेवटी उघडायची गं,” ताई म्हणाली. “आधी लिहून ठेवलं की मग खोडत बसावं लागतं. सरांना खाडाखोड चालत नाही.” तिने पिशवी वाफेच्या यंत्रात ठेवली आणि झाकण आवळलं. आत काय होतं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मग वही निघाली. ताईने सुवाच्य अक्षरात लिहिलं: डिश दोन, यशस्वी दोन. पाहुणीने सहज मागची पानं चाळली. कुठे एक काट नाही. दर पानाखाली वेगळी सही आणि सहीखाली दर वेळी वेगळ्या विद्यापीठाचं नाव. इथे पाहुण्यांचं एवढं अगत्य का होतं ते तिला कळलं.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर डोकावले. “तिसऱ्याच दिवशी? छान हात आहे तुझा.”

दोन वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

“सही करून टाक,” सर म्हणाले. “बाहेरच्याची सही असली की कुणी शंका घेत नाही. पुढच्या महिन्यात पेशंटना द्यायला सुरुवात करायची आहे.”

“किती पेशंट, सर?”

“पहिल्या फेरीत चाळीस.” सर हसून निघून गेले.

ताईने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. पाहुणी म्हणाली, “आमच्या बाईंना एकदा विचारून येते.”

“विचार की,” ताई म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बाहेर लांबलचक रिकामा पॅसेज होता. दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि प्रत्येक दारामागे तसलंच वाफेचं यंत्र घुमत होतं. पाहुणीने फोन लावला. बाई कडक होत्या, दशांश चिन्ह चुकलं तरी पान परत करायच्या. सही करू नकोस, एवढं त्या म्हणाल्या की पुढचं सगळं निभावता येईल, असं तिला वाटत होतं.

“बाई, रंग उतरला. पण बारातल्या दोनच डिशमध्ये. आणि हे लोक मला सही करायला सांगताहेत.”



“कुठल्या बारा?” बाईंनी शांतपणे विचारलं.