जपून ठेवलेलं उत्तर

"स्थिर हाय म्हनतंय, मावशी." पडद्यावरची इंग्रजी ओळ किसनने वाचून सांगितली, तशी खिडकीबाहेरची गोजराबाई हसली. "आज लगीच बोललं की रं तुजं मशिन!"

कालपर्यंत हेच मशिन म्हणजे आळशांचा राजा. आज्ञा टाइप करावी आणि सगळी डिस्क धुंडाळून उत्तर येईपर्यंत आठ मिनिटं हात जोडून बसावं. १९८८ साल. भूगावच्या त्या दवाखान्यात कॉम्प्युटर नवा, पण नियम जुना: चार वाजेपर्यंत नातेवाइकांनी वॉर्डात जायचं नाही, विचारायचं ते खिडकीत. नवरा, कोंडीराम, दाखल झाल्यापासून चांदे गावची गोजराबाई तासातासाला येई आणि ती आठ मिनिटं गज धरून उभी राही. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या किसनला ते बघवेना. म्हणून त्याने युक्ती बसवली. सकाळी एकदा मिळालेलं उत्तर मशिनने जपून ठेवायचं आणि दिवसभर तेच चटकन द्यायचं. साहेबांनी पाठ थोपटली. भुकूम गावचं पोरगं शहाणं निघालं, म्हणाले.

बाराला स्थिर. एकला स्थिर. "मग खाते भाकरी," म्हणत गोजराबाई कडुनिंबाखाली निवांत बसली.

दोनला नर्स लीलाबाई धावत आली. "अरे, अकरालाच नोंद केली होती मी! गंभीर आहे, बायकोला आत पाठवा म्हणून. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता रे तो. आत्ता गेला."

किसनने पडद्याकडे पाहिलं. अकराची नोंद मशिनमध्ये होती. मशिनने तिकडे बघूच नये, ही सोय त्यानेच केली होती.

लीलाबाई गोजराबाईला आत घेऊन गेली. आतून हंबरडा ऐकू आला. आता ही बाई येऊन आपल्या तोंडावर थुंकेल, आणि थुंकावंच, असं किसनला वाटलं. जपलेलं उत्तर पुसायला त्याने बोटं उचलली, तोच ती खिडकीशी आली. कपाळावरचं कुंकू पुसलेलं होतं.

"इचार की अजून एकदा."

"मावशी, चूक माजी हाय. मी..."

"इचार रं."

त्याने आज्ञा टाइप केली. क्षणात ओळ उमटली.

"स्थिर," तो कसाबसा म्हणाला.

गोजराबाईने गज घट्ट धरले. "तुज्या मशिनला अजून ठावं न्हाई," ती म्हणाली. "आजच्या दिस सांगू नगंस."