भूत नसलेला भुताचा पिक्चर

“भूत नव्हतंच त्यात,” सोजराबाई म्हणाली आणि मासळीची रिकामी टोपली दाराआड सरकवली.

खाटेवर पडलेली तिची सून नलू कोपरावर उठली. “भुताचा पिक्चर आणि भूत नाय?”

“तू आधी पडून राहा. बंगल्यातला नोकर होता. थंडी वाजायची म्हणून पांढरी चादर घेऊन फिरायचा. शेवटाला डाक्टरनं सुई दिली, बरा झाला. संपला पिक्चर.”

“आणि पेपरातल्या पोष्टरवरची ती केस सोडलेली बाई?”

“न्हायली होती. केस वाळवत होती.”

नलूने कपाळावर हात मारून घेतला.

पाचवा महिना लागल्यापासून ती खाटेवर होती. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या खेपेला बाळंत होईपर्यंत उठायचं नाही. माहेरी माहीमला असताना नलूने पिक्चर सोडला नव्हता. त्यात भुताचे, डाकूंचे, नागिणीचे म्हणजे तिचा जीव. आता सासरी आलेवाडीला घराच्या आढ्याकडे बघत दिवस काढायचे. म्हणून तिनेच सासूला गळ घातली होती. “आई, तुमी बोईसरला मासळी विकायला जाताच. दुपारचा खेळ बघा आणि मला येऊन सांगा.”

सोजराबाई उभ्या जन्मात थेटरात गेली नव्हती. ती गेली. पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या कारखान्यातल्या पोराने नाक दाबलं. “मौसी, टोकरी बाहर रखो.”

“टोकरी माझी, नाक तुझं,” ती म्हणाली. “नाक घे आणि बाहेर बस.” तेव्हापासून तिच्या बाजूची खुर्ची रिकामी असायची, तिच्यावर टोपली बसायची.

पण ती घरी आणायची ते पिक्चर म्हणजे मीठ विसरलेलं कालवण. डाकूंच्या पिक्चरमध्ये डाकू आणि सरपंच ओट्यावर बसून बोलले आणि बंदुका ठेवून आपापल्या घरी गेले. नागिणीच्या पिक्चरमध्ये नागीण आली, दूध प्याली, गेली. बोटीच्या पिक्चरमध्ये तुफान यायचं राहूनच गेलं, सगळे खलाशी बंदराला लागले आणि पोटभर जेवले.

“यात बघायचं काय, आई?”

“तेच तर सांगते. फालतू. तू काय गमावलं नाय.”

नवरा विश्राम होडीवरून घरी आला की नलू त्याच्या कानाशी लागायची. “आईंना पिक्चर कळतच नाय. झोप काढत असतील.”

विश्राम हसायचा. त्याला आईचं दुसरंच काही खटकत होतं. बंदरावर सोजराबाई एका शिवीसाठी ओळखली जायची. गिऱ्हाईक असो, कावळा असो, एसटीचा कंडक्टर असो, तिच्या तोंडात ‘मेल्या’ ठरलेला. आता तो कुठे ऐकूच येत नव्हता. परवा मांजरीने पापलेट पळवलं, तर ही झाडू घेऊन मागे धावली आणि ओरडत काय होती, तर “जिती राहा गं, जिती राहा.” वाळवणावरच्या बायका पोट धरून हसल्या. सोजरा म्हातारी झाली, म्हणाल्या. तिने त्यांना हसू दिलं.

आठव्या महिन्यात एका दुपारी नलूच्या ओटीपोटात कळ आली आणि गेली. तिने सासूचा हात घट्ट धरला. “आई, या वेळी पण जर...”

सोजराबाईने दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवला. हाताला बोंबलाचा वास होता. “शुक्रवारी नवा लागतोय,” ती म्हणाली. “भुताचाच. बघून येते.”

शुक्रवारी ती आली तेव्हा डोळे लाल होते. उन्हाने, म्हणाली. नलूने विचारलं, काय झालं पिक्चरमध्ये?

“एका बाईला पोर होतं. रडतं.”

“मग?”

“मग काय? रडलं ना. अजून काय पायजे?”

पालघरला नलूला मुलगी झाली. ती अशी रडली की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या सोजराबाईने टोपलीसुद्धा न घेता आत धाव घेतली.

मायलेकी घरी आल्या. पाचवीची पूजा झाली, पाट उचलला, बायका गूळ-खोबरं घेऊन गेल्या. सोजराबाई नात मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसली. दारात मांजर आली.

“हो बाहेर, मेले,” सोजराबाई म्हणाली.

नलूने मान वर केली. किती महिन्यांनी तो शब्द ऐकत होती ती. ती सासूकडे बघत राहिली, आणि एकेक पिक्चर तिच्या डोळ्यांपुढून जायला लागला. तो डाकूंचा. ती बोट.

“आई,” ती हळूच म्हणाली, “ती पोष्टरवरची बाई न्हायली नव्हती ना?”

सोजराबाईने नातीच्या कानांवर हलकेच पदर ओढला आणि खाट करकरेपर्यंत पुढे सरकली. तिचे डोळे पोरीसारखे चमकत होते.

“आता ऐक,” ती म्हणाली. “त्या बंगल्यातनं एकही माणूस जिवंत सुटलं नव्हतं.”