मावशींचा एप्रन

“त्याच एप्रनने तिघांची नाकं पुसलीत? शी!”

मावशींनी एप्रनचा ओला कोपरा मुठीत लपवला. तो पाहूनच पाळणाघर चालवणाऱ्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. उभा जन्म शेंबूड, लाळ आणि ओकाऱ्यांत गेला, पण त्यांची किळस काही मेली नव्हती. दाराच्या कडीलाही त्या कागद धरून हात लावत.

आणि आता याच पाळणाघरात असणारी त्यांचीच नात इस्पितळात होती. मेंदूच्या आवरणाला सूज. मान लाकडासारखी ताठ, जरा उजेड दिसला की किंचाळायची. काल बाईंनी फुंकर घालून सुपाचा चमचा पुढे केला, तर पोरीने आजीला ओळखलंसुद्धा नाही.

“हे जंतू धडधाकट माणसाच्या घशातही गुपचूप राहतात,” डॉक्टर म्हणाले होते. “पाळणाघरातल्या मोठ्यांचे घसे तपासून घेऊ.”

मोठी माणसं दोनच, बाई आणि मावशी. दोघींचे घसे तपासले गेले. बाईंना तो सगळा खटाटोपच वाटला. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? चोर तर समोर एप्रन बांधून उभा होता.

“अहो, स्वतःच्या लेकरासारखं केलं हो मी तिचं,” मावशी रडवेल्या झाल्या.

“गळा काढू नका. तुमच्या घाणीने माझी नात मरायला टेकलीय. उद्यापासून येऊ नका.”

मावशी एप्रनची घडी घालून निघून गेल्या. बाईंनी तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला आणि कोपरापर्यंत हात घासले. तरी अंगावरचा शहारा जाईना.

जेवायची वेळ झाली होती. पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली. भरवायचं काम बाईंनी मावशींकडे कधीच दिलं नव्हतं. त्या हातांनी? छे! प्रत्येकाची वाटी वेगळी, चमचा वेगळा, उकळत्या पाण्यातून काढलेला.

मऊ भात वाफाळत होता. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. बाईंनी तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

“डॉक्टर, त्या मावशीला मी हाकललं.” फू. घास एका तोंडात गेला. “नावालाही स्वच्छता नाही हो.” फू. दुसरा घास गेला.

“मावशींच्या घशात काहीच नाही,” डॉक्टर हळूच म्हणाले. “जंतू तुमच्या घशात सापडलेत.”

बाईंचा चमचा हवेतच थांबला.

“बाई,” तिसऱ्या पोराने आ वासला, “माझ्या घासावर पण फू करा ना.”