जीवातला ज

शिरड शहापूरच्या चावडीपुढं लष्कराचा ट्रक उभा होता. इनायत कापडवाल्याचे हात मागं बांधलेले होते. निजामाचं राज्य जाऊन पंधरवडाही उलटला नव्हता. रझाकारांचा साथीदार म्हणून सकाळी गावानंच त्याला घरातून ओढून काढलं होतं. मारात त्याचा ओठ फाटला होता, पुढचे दात पडले होते.

कॅप्टन मद्रासकडचा. त्याला मराठी येत नव्हती, उर्दूही नाही. इनायत सोडला तर गावात इंग्रजी जाणणारे एकटे उत्तमराव. तेच दुभाषे म्हणून उभे होते.

"रझाकारांची धाड पडली तेव्हा यानं हिंदू बायकामुलांचं काय केलं?" कॅप्टननं विचारलं. उत्तमरावांनी ते मराठीत सांगितलं.

"माह्या घरात ठिवलं त्यांना. आसरा देला," इनायत म्हणाला. "तुमाला ठावं हाय की, उत्तमराव."

उत्तमरावांना ठाऊक होतं. धाडीची कुणकुण लागताच ते वऱ्हाडात पळाले होते. मागं राहिलेली त्यांची बायको, सुमनबाई, इनायतच्या घरात लपली होती. गावात हे अजून कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

"ही रिफ्यूज्ड देम, सर," उत्तमराव म्हणाले.

इनायतनं झटकन मान वर केली. परभणीच्या शाळेत दोघं एकाच बाकावर बसत. रिफ्यूज म्हणजे नाकारणं, रेफ्यूज म्हणजे आसरा. पहिल्यात जोरातला ज, दुसऱ्यात जीवातला. मास्तरांनी दोघांच्याही हातावर छड्या मारून हा फरक शिकवला होता.

"जीवातला ज, उत्तमराव! बराबर सांगा!"

"काय म्हणतोय?" कॅप्टननं विचारलं.

"माफी मागतोय," उत्तमरावांनी इंग्रजीत सांगितलं.

मग इनायत स्वतःच ओरडला, "रेफ्यूज, साब! रेफ्यूज!" पण दातांच्या फटीतून नुसती हवा सुटली. फाटक्या ओठांतून जीवातला ज निघेना. पुन्हा पुन्हा तो जोरातलाच बाहेर पडला.

"म्हणजे कबूलच करतोय," कॅप्टन म्हणाला आणि त्यानं ट्रककडं बोट केलं.

"न्या त्याला!" गर्दी ओरडली.

इनायतची आई फातिमाबी लेकासाठी पाण्याचा तांब्या घेऊन कडेला उभी होती. शिपाई तिला पुढं जाऊ देत नव्हता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुमनबाई निघाली. तिनं फातिमाबीच्या हातातला तांब्या घेतला आणि साऱ्या गावादेखत तोंडाला लावला. अर्धा तांब्या पिऊन तिनं तोंड पुसलं.

"हेच पानी पिऊन जगले मी," ती कॅप्टनला म्हणाली. "आमचे मालक वऱ्हाडात व्हते. मी ह्या मानसाच्या घरात व्हते."

कॅप्टनला शब्द कळले नाहीत. त्यानं तांब्याकडं पाहिलं, बाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं, मग उत्तमरावांकडं वळून विचारलं, "हू इज शी?"

उत्तमरावांनी बायकोकडं न बघताच सांगितलं,

"आय डोन्ट नो हर, सर." आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

इंग्रजी इनायतखेरीज कुणाला कळलं नाही, पण मान साऱ्यांनी पाहिली.

कॅप्टननं उत्तमराव आणि सुमनबाई दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. एवढ्याशा गावातल्या बाईला हा ओळखत नाही, हे त्याला पटलं नाही. मग त्यानं शिपायाला खूण केली. इनायतचा दोर कापला गेला, ट्रक रिकामा गेला. उत्तमराव तरातरा घरी निघाले. दाराला आतून कडी घातल्याचा आवाज चावडीपर्यंत आला.

सुमनबाई तांब्या हातात धरून तशीच उभी होती.

"इनायतभाऊ," तिनं विचारलं, "सायबानं काहीतरी पुसलं, तवा त्ये काय म्हनले?"

इनायतनं ओठावरचं रक्त बाहीनं टिपलं.

"काही न्हाई, वहिनी. इंग्रजी कच्ची हाय त्यांची."