तीन बाय चार

'सेव्ह'वर क्लिक केलं तशी तिसऱ्यांदा तीच चौकट पडद्यावर उगवली: आधी विकत घ्या. अप्पारावांनी माउस टेबलावर आपटला.

"काका, माउस माझा हाये," नेट कॅफेवाली बेबीनंदा गल्ल्यावरून म्हणाली.

"अन् माझे दोन तास गेले त्याचं काय? सगळं काढू देतंय अन् ठेवू देत न्हाई!"

वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून अप्पारावांना सर्किटं जुळवायचा नाद लागला होता. आता बायकोसाठी दिवा करायचा होता. आसराबाईंना अलीकडं अजिबात ऐकू येत नव्हतं. दाराबाहेर कुणी बटण दाबलं की घरात दिवा लागावा. त्याच्या सर्किट बोर्डाचं डिझाइन करायला परवडेल असं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यापायी दोघं कुंभार पिंपळगावहून सकाळच्या एसटीनं जालन्याला आले होते.

बेबीनंदानं दुसरं डाउनलोड करून दिलं. ते डॉलर मागत होतं. तिसरं फुकट, पण बोर्ड अमेरिकेतल्या त्यांच्याच कारखान्यातून करून घ्यायचा. चौथं फुकट, कसली अट नाही; फक्त लिनक्सवर चालणारं.

"लिनक्स म्हंजे?"

"ते आमच्याकडं न्हाई."

"मंग दाखवता कशाला, बाई!"

पाचव्यात सेव्ह झालं. अप्पारावांनी कागदावरचं सर्किट बघत बघत सगळं पुन्हा मांडलं. शेवटचा तुकडा ठेवायला गेले, तर तो काही केल्या आत येईना. फुकटात जागा तीन बाय चार इंच. पुढची विकत.

"घ्या! आता बोर्डाला मीठ लावून खावं का?"

बेबीनंदा उठून आली, वाकून बघू लागली. "दोन बटणं हायेत ना काका? एक काढा. बराबर बसतंय." तिनं कागदावरच्या एका बटणावर बोटानं फुली मारून दाखवली.

"न्हाई काढायचं!" अप्पाराव एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या कॉम्प्युटरवरचा माणूस वळून बघायला लागला.

आसराबाईंना ओरडणं ऐकू आलं नाही, बेबीनंदाची फुली आणि नवऱ्याचा चेहरा तेवढा दिसला. त्यांनी कागद आपल्याकडं ओढला. पेन्सिलीनं दोन बटणं रेखलेली. एकाखाली लिहिलं होतं 'दार'. दुसऱ्याखाली 'माझी खाट'.

त्यांनी 'माझी खाट'वर बोट ठेवलं.

"अवो, पोळ्याला तुमच्या छातीत दुखलं. गॅस झाल्ता म्हन्ले. तवा मला हाका मारल्या का तुम्ही?"

अप्पाराव पडद्याकडंच बघत होते. मग त्यांनी मान हलवली. मारल्या होत्या.

आसराबाईंनी कागद बेबीनंदाच्या हातात दिला.

"पोरी, दार काढून टाक. दाराशी आलेलं माणूस थांबतंय."