दोन पाड्यांतला फरक

पडद्यावर दोन खांब उभे होते. लाल उंच, हिरवा बुटका. लाल खांबाखाली वरच्या पाड्याचं नाव होतं, म्हणजे आनंदीचं. अंगणवाडीच्या सेविकेला बैठकीत पाड्याच्याच नावानं ओळखतात.

"वरचा पाडा. मुलं बासष्ट, कमी वजनाची एकोणीस. खालचा पाडा. मुलं अठ्ठावन्न, कमी वजनाची फक्त तीन," ज्ञानेश सर म्हणाले. पालघरच्या बैठकीला ते सल्लागार म्हणून आले होते. आयुष्यात त्यांनी एकही रडकं मूल काट्याच्या झोळीत घातलं नव्हतं, पण मुलांच्या वजनावर त्यांच्याकडे चाळीस चित्रं तयार होती. "कुणी म्हणेल, हा योगायोग असेल. म्हणून मी चाचणी लावली. दोन्ही पाडे सारखे असते, तर नुसत्या नशिबानं एवढा फरक हजारात एकदाही पडला नसता."

एवढं सांगून ते थांबले, जणू हजार वेळा स्वतः करून बघितलं होतं. साठ बायकांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या की चहा लवकर येतो.

आनंदीची मान काही हलेना. दोन्ही पाड्यांच्या मधे एक ओहोळ. दोन्हीकडे एकाच रेशन दुकानाचा तांदूळ. दोन्हीकडच्या आया एकाच टेम्पोत दाटीवाटीनं तारापूरच्या कंपन्यांत जातात, आणि त्यांची पोरं मागं एकाच ओहोळात डुंबतात. ती उभी राहिली.

"सर, फरक खरा हाय, मान्य. पण तो पोरांमधला, का वजन लिहिणाऱ्यांमधला? ते तुमचं गणित सांगतं का?"

ज्ञानेश सर हसले. "गणिताला आकडे लागतात, ताई. हेवा नाही."

सगळा हॉल हसला. खालच्या पाड्याची मेघाली तेवढी हसली नाही. ती मांडीवरच्या नारळाकडे बघत होती. तिचा नुकताच सत्कार झाला होता. आनंदीच्या हातात कागद आला. महिन्याभरात प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर वरचा पाडाही मेघालीबाईंकडे देऊ.

"दहा टक्के म्हंजे किती गं बाय?" दुसऱ्या दिवशी मदतनीस सोजराबाईनं विचारलं.

"सहा पोरं."

"आनि आपली एकोनीस. मंग बाकीच्या तेरांनी महिन्याभरात खायचं काय? हत्ती?"

"खायला कशाला लागतंय? लिहिलं की झालं."

सोजराबाईचा हात भांड्यावरच थांबला. "आनि त्यांची जादा अंडी?"

"वजन भरलं की वहीत पोर हिरवं. हिरव्या पोराला जादा अंडं नाय. डॉक्टरची गाडीबी नाय."

सोजराबाईनं त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली.

महिना सरला. वजनाच्या दिवशी सकाळी पहिला आला बुधा. अडीच वर्षांचा. आजीनं झोळीत बसवला तेव्हा झोळी नीट ताणलीसुद्धा गेली नाही. काटा नऊ किलो दोनशेवर थांबला. आनंदीनं त्याला उतरवून कडेवर घेतलं. दंड तिच्या दोन बोटांत मावत होता. बुधानं तिची बांगडी पकडली आणि हसला.

त्याला कडेवर तसाच ठेवून तिनं वहीत लिहिलं, दहा किलो सहाशे.

बघता बघता पोर हिरवं झालं. जवळजवळ दीड किलो चढलं, एक घासही न खाता. चाळीस चित्रांना न जमलेलं काम दोन रुपयांच्या पेन्सिलीनं केलं. आता असली आणखी बारा पोरं, की ज्ञानेश सर तिचाही खांब बुटका करून दाखवणार होते. चाचणीसकट.

दारात सावली पडली. ओहोळ ओलांडून मेघाली आली होती, साडी घोट्यांपर्यंत भिजलेली. पदराखाली तिची नऊ महिन्यांची रिद्धी.

"आता माझा पाडा ताब्यात घ्यायला आलीस? वही द्यायला अजून दुपारपर्यंत वेळ हाय," आनंदी म्हणाली.

"हिचं वजन करायचंय, ताई."

"का? तुझा काटा बिघडला काय?"

"काटा बरा हाय." मेघालीनं पदर बाजूला केला. पोरीची मान खांद्यावर पडलेली. "पण माझ्या वहीत सगळी हिरवी. ही पण. आमच्याकडं डॉक्टरची गाडी थांबतच नाय." तिचा आवाज उतरला. "हिला तुझ्या वहीत लिही, ताई. खरं वजन लिही."

आनंदीनं आधी बुधाचं दहा सहाशे खोडलं, आणि मग रिद्धीला हातात घेतलं.