खोललेला पंप

पंप पुन्हा खोलून ठेवला होता. सलग तिसऱ्या दिवशी.

बाईंनी हातातली पिशवी शेडच्या दारातच आपटली. विहिरीचं पाणी शाळेच्या टाकीत चढवणारा, सायकलच्या पेडलवर चालणारा तो पंप कृतिवर्गाच्या मुलांनी कालच पुरा जोडला होता. आज चेन खुंटीला लटकत होती. नट एका डब्यात, वॉशर दुसऱ्यात.

डोक्यात राख घालून बाई हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्या.

"सर, आता पुरे झालं!"

हेडमास्तर पेन्सिलीला टोक काढत होते. "काय झालं?"

"साळसूदपणा नको. पुस्तकं मिटून हातांनी शिकवते, म्हणून वर्षभर नाकं मुरडताय. 'बाईंनी खेळ मांडलाय' म्हणून पालकांचे कान भरलेत. उद्या साहेब तपासणीला येणार. पाणी चढलं नाही, तर कृतिवर्ग बंद. तुम्हाला तेच हवंय!"

"मला तो वर्ग पटत नाही. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलंय."

"शेडची किल्ली तुमच्याकडे असते."

"व्हरांड्यात खिळ्याला असते. शाळा सगळ्यांची, किल्ली कुणीही घ्यावी, हे तुमचंच म्हणणं." त्यांनी टोकावर फुंकर मारली. "काही मोडलंय?"

"मोडलं नाही. खोललंय."

"हरवलंय?"

"नाही."

"मुलांना विचारलंत?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या मुलांवर ढकलता? लाज वाटत नाही? वर्ग बंद पडू शकतो, हे मी त्यांच्या कानावरसुद्धा घातलं नाही. पोरं धास्तावतील म्हणून. पंप चालला की इथे नवे मास्तर येतील आणि मी पुढच्या गावी जाईन, एवढंच सांगितलंय. हसत हसत."

हेडमास्तर पुन्हा पेन्सिलीला टोक काढू लागले. ते पाहून बाई आणखीच भडकल्या. दार आपटून बाहेर पडल्या.

दुपारी सगळ्यांनी मिळून पंप पुन्हा जोडला. एरवी कलकलाट करणारी पोरं आज तोंडं शिवल्यासारखी काम करत होती. चेन बसवणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं, "बाई, पुढच्या गावात पण अशीच मुलं असतील?"

"असतीलच की! हात चालव."

शाळा सुटली. बाईंनी किल्ली मुद्दाम खिळ्याला अडकवली, मोठ्याने सगळ्यांचा निरोप घेतला आणि स्टँडच्या रस्त्याला लागल्या. वळणावर थांबल्या, मागल्या वाटेने परत फिरल्या. आज त्या माणसाला रंगेहाथ पकडायचं आणि उद्या साहेबांसमोर उभं करायचं. काय काय सुनवायचं, तेही त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं.

हेडमास्तरांच्या खोलीला कुलूप होतं. त्यांची सायकलही जागेवर नव्हती.

शेडमधून मात्र पान्याचा आवाज येत होता.

बाईंनी दाराच्या फटीला डोळा लावला. आत पंपाभोवती सगळा वर्ग बसला होता.

"वॉशर वेगळ्या डब्यात, बाईंनी शिकवलंय तसं," चेनवाली मुलगी दबक्या आवाजात दटावत होती. "आणि रडताय काय? पंप चाललाच नाही, तर बाई कुठ्ठे जात नाहीत."